लाल बावट्याचा शाहीर

थोरांचे पुतळे उभारण्यात महाराष्ट्र कधी कसूर करीत नाही. कसूर होते ती त्यांचे म्हणणे ऐकून घेण्यात. अण्णा भाऊ साठे यांच्या वाट्याला हा अनुभव पुरेपूर आला आहे. २००२ साली त्यांचे टपाल तिकीट निघाले, २०२२ साली मॉस्कोत त्यांचा पुतळा उभा राहिला. परंतु ज्या कलेचे राज्यकर्त्यांना भय वाटले, ती कला मात्र या गौरवाच्या गर्दीत झाकोळून गेली.

१ ऑगस्ट १९२० रोजी वाळवा तालुक्यातील वाटेगावी, मातंग कुटुंबात त्यांचा जन्म झाला. गुन्हेगार जमातींच्या कायद्याने ज्यांच्या कपाळी जन्मतःच शिक्का मारला होता, त्यांपैकीच हा समाज. शाळेशी संबंध आला तो जेमतेम दीड दिवस. दारिद्र्यामुळे वडिलांबरोबर पायी मुंबई गाठावी लागली. मिळेल ती मजुरी आणि पुढे गिरणीतील काम करीत असताना दुकानांच्या पाट्या व सिनेमाच्या जाहिराती यांवरून हा मुलगा अक्षरे शिकला. कम्युनिस्ट चळवळीने त्याच्या वाणीला दिशा दिली. १९४३ साली रचलेल्या स्टालिनग्राडच्या पोवाड्याने त्यांचे नाव कामगारांच्या तोंडी झाले. ज्या देशाचा पराक्रम त्यांनी गायिला, तो प्रत्यक्ष पाहण्याचा योग मात्र १९६१ साली, म्हणजे अठरा वर्षांनी आला.

१९४४ साली अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. गिरणगावातील चाळींच्या पटांगणांत व मैदानांत, पाळी संपवून आलेल्या कामगारांसमोर डफ-ढोलकीच्या साथीने हे कार्यक्रम होत. त्यात करमणूक होती. पण ती अन्नाचा भाव आणि घामाचा दाम विसरायला लावणारी नव्हती.

तमाशाचे रूप अण्णा भाऊंनी आतून पालटले. गणातील गणेशस्तवनाच्या जागी मायभूमीला, हुतात्म्यांना व श्रमिकांना वंदन आले. गवळण वगळली गेली. वगात राजाराणीऐवजी सावकार, काळाबाजारवाले आणि मतांसाठी दारी येणारे शेटजी अवतरले. ‘अकलेची गोष्ट’, ‘देशभक्त घोटाळे’, ‘शेटजींचे इलेक्शन’ ही नावेच पुरेशी बोलकी आहेत. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने या कलापथकावर बंदी घातली. निरुपद्रवी करमणुकीवर कोणतेही सरकार बंदी घालीत नाही, हे येथे ध्यानी घेतले पाहिजे.

ही कला म्हणजे निव्वळ पक्षाचा प्रचार, असा आक्षेप घेतला जातो. त्याला ‘माझी मैना’ ही छक्कड हेच उत्तर आहे. पोटासाठी मुंबईत आलेला पुरुष आणि गावी राहिलेली त्याची मैना यांचा तो विरह. परंतु संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अमर शेखांच्या पहाडी आवाजात ती ऐकताना त्यातूनच बेळगाव, कारवारची ताटातूट श्रोत्यांना कळली. मनात रुजल्याखेरीज प्रचाराला एवढे बळ येत नाही.

पुढे लेखणी कथा-कादंबरीकडे वळली. १९५९ साली आलेली ‘फकिरा’ बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केलेली आहे. तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. ज्या राज्यसंस्थेने गाणे बंद पाडले, तिनेच पुस्तकाला गौरविले. वाचकाला एकट्याने वाचावे लागणारे पुस्तक सत्तेला सोसते; हजारोंनी एकत्र ऐकलेले गाणे सोसत नाही.

१८ जुलै १९६९ रोजी, हलाखीतच, अण्णा भाऊंचे निधन झाले. सहा आठवड्यांनी, २९ ऑगस्टला अमर शेखही अपघातात गेले. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक थंडावल्या आणि ती पटांगणेही ओस पडली. जयंतीच्या दिवशी पुतळ्याला हार घालणे सोपे आहे. पण ज्या प्रश्नांसाठी डफावर थाप पडली, ते भाकरीचे, जातीचे व निवाऱ्याचे प्रश्न अद्याप सुटलेले नाहीत. त्यांवर आज कोणी तितक्याच उघडपणे गाऊ लागला, तर त्याला हार मिळेल की बंदी, यावरूनच या शाहिराचा खरा सन्मान जोखावा लागेल.