शिक्षकांच्या शिक्षिका : ताराबाई मोडक



५ सप्टेंबरला आपल्या शाळेत शिक्षक दिन साजरा होतो. वरच्या वर्गांतील मुले-मुली त्या दिवशी शिक्षक बनून खालच्या वर्गांना शिकवतात. त्याच्या पाचच दिवस आधी, ३१ ऑगस्टला, ताराबाई मोडक यांची पुण्यतिथी असते आणि ती आपल्या लक्षातही राहत नाही. महाराष्ट्र आणि गुजरात या दोन्ही प्रांतांना आपल्या वाटाव्यात अशा या बाईंची ओळख या अंकात करून द्यावी, असे आम्ही ठरविले.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिवराव प्रार्थना समाजाचे, सुधारक विचारांचे. ज्या काळात मुलींना शाळेत घालणे हीच मोठी गोष्ट होती, त्या काळात ताराबाई १९१४ साली बी.ए. झाल्या. पुढे अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी विवाह झाला. परंतु संसार टिकला नाही. लहान मुलीला घेऊन त्या स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या आणि राजकोटला शिक्षिका तयार करणाऱ्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्या झाल्या.

प्राचार्यपद मानाचे होते. पण तेथे त्यांचे मन रमले नाही. भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर सुरू केले होते. मारणे नाही, दरडावणे नाही, घोकंपट्टी नाही, अशी ती शाळा. ताराबाईंनी राजकोटची नोकरी सोडली आणि त्या गिजुभाईंच्या कामात सामील झाल्या. मराठी घरातली ही बाई गुजराती मुलांत रमली आणि गुजरातीतून निघणाऱ्या 'शिक्षण पत्रिके'चे संपादनही करू लागली. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. पुढे मराठीतही 'शिक्षण पत्रिका' निघाली.

मॅडम मॉन्टेसरी यांच्या पद्धतीत अक्षर-ओळख कशी होते, हे आमच्या पालकांनी जरूर समजून घ्यावे. खरखरीत कागदाचे अक्षर पाटीवर चिकटवलेले असते. मूल त्यावरून बोट फिरवते आणि त्याच वेळी उच्चार ऐकते. डोळा, कान आणि हात तिघेही एकदम शिकतात. नंतर सुटी अक्षरे जुळवून मूल आपल्या मनातला शब्द मांडते. म्हणजे आधी स्वतःचे लिहिणे, मग दुसऱ्याचे वाचणे. यात शिक्षकाचे मुख्य काम मुलाकडे बारकाईने पाहण्याचे असते. ते कोठे अडले, का अडले, हे ओळखायचे. ही नजर शिक्षकात तयार करणे फार कठीण, आणि ताराबाईंनी आयुष्यभर तेच काम केले. १९३६ पासून मुंबईत दादरला त्यांनी शिशुविहार चालविला, तेथेही मुलांच्या बरोबरीने बालशिक्षक घडविण्याचे काम चालू ठेवले.

पण हे सारे शहरातल्या, खाऊनपिऊन सुखी घरांतल्या मुलांपर्यंत पोहोचत होते. मॉन्टेसरीबाईंनी तर आपले पहिले बालगृह १९०७ साली रोम शहरातल्या गरीब वस्तीत उघडले होते. मग आपल्या खेड्यातल्या मुलांचे काय?

सुरतेहून मुंबईकडे जाताना वलसाड, वापी, उमरगाम मागे पडले की घोलवड स्टेशन येते. तेथून जवळच समुद्रकाठी बोर्डी गाव आहे. १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाईंनी तेथे ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ ही तरुण शिक्षिका तेथे त्यांना येऊन मिळाली. बालवाडी सुरू झाली, पण दलित आणि आदिवासी वस्तीतली मुले येईनात. ताराबाईंनी त्या आईबापांना दोष दिला नाही. बालवाडीच उचलून त्यांच्या वस्तीत, त्यांच्या अंगणात नेली. हीच अंगणवाडी. आधी मुलांना आंघोळ, नखे कापणे, मग गाणी, गोष्टी आणि खेळ. महागड्या साधनांच्या जागी शिंपले, बिया, पाने आणि खडे आले.

१९५७ साली हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील वारली मुले दिवसा गुरे राखत, म्हणून शिक्षिका कुरणात गेल्या आणि कुरणशाळा भरू लागली. गावोगावच्या बालसेविकांचे प्रशिक्षणही तेथे होऊ लागले. १९६२ साली भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण दिले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. दोनच वर्षांनी, १९७५ मध्ये, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली आणि तिच्या केंद्रांना नाव मिळाले अंगणवाडी. अनुताईंनी १९९२ पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत, कोसबाडचे काम चालविले.

आता थोडे आपल्या शाळेविषयी. आपल्याकडे येणारी अनेक मुले घरी अहिराणी बोलतात, गल्लीत गुजराती, बाजारात हिंदी, आणि वर्गात पुस्तकातली मराठी ऐकतात. आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. नोकरीच्या सुरुवातीला 'ळ' म्हणताना आमची जीभ अडखळे आणि मुले हसत. असे असूनही काही वर्षांपूर्वी पहिलीतल्या एका मुलाने वहीत 'माले भूक लागनी' असे लिहिले, तेव्हा आम्ही लाल शाईने ते वाक्य खोडले. त्यानंतर कितीतरी दिवस त्याने स्वतःहून एक ओळ लिहिली नाही. ताराबाईंचे चरित्र वाचताना ती वही आठवली. त्या मुलाने एकही अक्षर चुकविले नव्हते. आईजवळ जसे बोलायचा तसेच त्याने लिहिले होते. आम्हीच त्याचे घर ओळखले नव्हते.

म्हणून या वर्षी एक लहान सुरुवात करीत आहोत. महिन्यातल्या शेवटच्या शनिवारी शाळा सुटल्यावर पहिली-दुसरीच्या शिक्षिका एकेका वस्तीत जाऊन मुलांच्या घरी बसतील. घरात कोणती भाषा चालते, कोणत्या वस्तू मुलाच्या हाताखालच्या आहेत, याची नोंद करतील आणि सोमवारी सर्व शिक्षकांपुढे वाचतील. पहिलीच्या मुलांच्या स्वतःच्या वाक्यांवर यापुढे लाल शाई चालणार नाही. मूल जसे बोलते तसे लिहू द्यावे, आणि शेजारी पुस्तकातली मराठी दाखवावी, म्हणजे दोन्ही त्याची होतील.

पालकांना विनंती की बाई घरी आल्या तर चहापाण्याची धांदल करू नये, मुलाविषयी मोकळेपणाने सांगावे. विश्वस्तांना विनंती की शिक्षिकांच्या येण्याजाण्याचा खर्च शाळेने उचलावा आणि सोमवारच्या बैठकीसाठी एक तासिका मोकळी द्यावी. विद्यार्थी मित्रहो, तुम्ही फक्त लिहीत राहा.