आल्फ्रेड राजाची सेना

अकराशे वर्षांपूर्वी इंग्लंड हा एकसंध देश नव्हता. तेथे लहानलहान राज्ये होती, आणि त्यांपैकी वेसेक्स हे राज्य दक्षिणेकडे होते. या वेसेक्सच्या राजघराण्यात इ. स. ८४९ च्या सुमारास वाँटेज या गावी आल्फ्रेडचा जन्म झाला. भावंडांत तो सर्वांत धाकटा. त्याचे तीन थोरले भाऊ त्याच्या आधी एकामागून एक गादीवर बसले व निवर्तले. त्यामुळे इ. स. ८७१ मध्ये, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, राज्याचा भार त्याच्या शिरावर येऊन पडला.

तो काळ मोठा बिकट होता. डेन्मार्ककडील दर्यावर्दी लोक गलबतांतून येत, नद्यांच्या मुखांतून आत शिरत आणि गावे व मठ लुटीत. इ. स. ८६५ मध्ये तर त्यांची एक मोठी सेना आली ती परत गेलीच नाही. शेजारची राज्ये तिने एकेक करून जिंकली. उरले ते वेसेक्स.

वेसेक्सच्या लोकांत शौर्याची उणीव नव्हती. अडचण निराळीच होती. डेन हे बारमाही योद्धे होते. लढाई हाच त्यांचा धंदा. वेसेक्सच्या सेनेला मात्र ‘फिर्ड’ म्हणत, व ती संकट आल्यावर गोळा करावी लागे. जमिनीच्या मानाने प्रत्येक भागाने माणसे पाठवावयाची, त्यांनी ठरलेली मुदत संपेपर्यंत लढावयाचे व मग घरी परतावयाचे, अशी रीत होती. या माणसांना घरदार होते, शेतीवाडी होती, गुरेढोरे होती. पेरणी टळली तर वर्षभर खाणार काय? कापणी टळली तर उभे पीक शत्रूच्या घशात जाणार! म्हणून फिर्ड जमण्यास वेळ लागे आणि पांगण्यास मुळीच लागत नसे.

डेनांचा सरदार गथ्रम याने हे वर्म अचूक हेरले. इ. स. ८७८ च्या जानेवारीत, नाताळचा सण नुकताच आटोपला असता व फिर्ड घरोघरी विखुरलेली असता, त्याने चिपनम येथे एकाएकी चाल केली. पुष्कळ लोक परागंदा झाले, बाकीचे शरण गेले. राजा मोजक्या सोबत्यांसह सॉमरसेटच्या दलदलीत शिरला. या वनवासात त्याने एका गुराख्याच्या बायकोच्या भाकरी करपू दिल्या व तिची बोलणी खाल्ली, अशी गोष्ट इंग्लंडातील मुले आवडीने ऐकतात. ती राजाच्या मृत्यूनंतर फार वर्षांनी लिहिली गेली आहे. तेव्हा ती खरी मानण्याचे कारण नाही. खरे आहे ते असे, की त्याने अॅथेलनी येथे एक लहानसा कोट बांधला, तेथून छापे घातले आणि आजूबाजूच्या लोकांशी संधान राखले. ईस्टरनंतर सातव्या आठवड्यात सॉमरसेट, विल्टशायर व हॅम्पशायर येथील लोक ठरल्या जागी येऊन मिळाले. राजाला जिवंत पाहून त्यांना अतिशय आनंद झाला. दोनच दिवसांनी एडिंग्टन येथे मोठी लढाई झाली व गथ्रमचा मोड झाला. चौदा दिवसांच्या वेढ्यानंतर तो शरण आला.

दुसरा एखादा राजा या विजयानंतर स्वस्थ बसला असता. आल्फ्रेड बसला नाही. पुढील काही वर्षांत त्याने सेनेची घडीच बदलली. फिर्डचे त्याने दोन भाग केले. एक भाग रणात असे, दुसरा घरी राहून शेती व गाव सांभाळी. मुदत भरली की पहिल्याने परतावे व दुसऱ्याने त्याची जागा घ्यावी. आपल्या पदरच्या खास योद्ध्यांच्याही त्याने तीन पाळ्या लावून दिल्या. एक महिना दरबारी चाकरी, मग दोन महिने घरी, अशी ती व्यवस्था असल्याचे त्याचा समकालीन चरित्रकार असर याने नमूद केले आहे.

याखेरीज त्याने राज्यभर तटबंदीची ठाणी उभारली. त्याच्या मुलाच्या कारकिर्दीत तयार झालेल्या एका यादीत अशी तीसांहून अधिक ठाणी आढळतात. त्यांचा हिशेब पाहण्यासारखा आहे. एका कुटुंबाचा निर्वाह होईल एवढ्या जमिनीला तेव्हा ‘हाइड’ म्हणत. दर हाइडमागे एक माणूस, आणि तटाच्या सुमारे पाच मीटर लांबीला चार माणसे! विंचेस्टरच्या वाट्याला २४०० हाइड जमीन होती. म्हणजे तेथे २४०० माणसे सुमारे तीन किलोमीटर लांबीचा तट राखू शकत.

लोकांनी हे सारे आनंदाने केले असे मात्र नाही. तट बांधण्याचा पुष्कळांनी कंटाळा केला. इ. स. ८९२ मध्ये डेनांची नवी टोळी उतरली, तेव्हा त्यांना वाटेत एक कोट अर्धवट बांधलेला आढळला. आत थोडे शेतकरी होते. तो तत्काळ पडला. पुढच्याच वर्षी पाळीपद्धतीचीही कसोटी लागली. फार्नम येथे पराभूत झालेले डेन कोल्न नदीतील एका बेटावर अडकले होते व फिर्डच्या एका भागाने त्यांना वेढले होते. परंतु त्या भागाची मुदत भरली, शिधाही संपला, आणि दुसरा भाग घेऊन राजा वाटेवर असतानाच वेढा घालणारे घराकडे निघाले. हातात आलेला शत्रू निसटला. त्यांना दोष देणे सोपे आहे. पण रिकाम्या पोटी वेढा किती दिवस चालणार? त्याच वर्षी सेव्हर्न नदीच्या काठी बटिंग्टन येथे नेमके उलट घडले. ठाण्याठाण्यांतील लोक एकत्र आले, वेढा कित्येक आठवडे टिकला, आणि उपासमारीने डेनांना आपले घोडे मारून खावे लागले.

आल्फ्रेडने आपली पद्धत सोडली नाही. इ. स. ८९५ मध्ये डेनांनी लंडनच्या उत्तरेस ली नदीच्या काठी तळ दिला. लंडनकरांनी त्यावर हल्ला केला, पण तो फसला. सुगी जवळ आली होती. तेव्हा राजा स्वतः सेना घेऊन तेथे आला व लोकांची कापणी पुरी होईपर्यंत शेतांच्या राखणीस छावणी देऊन राहिला. धान्य घरात गेल्यावर त्याने नदीच्या दोन्ही तीरांवर कोट बांधण्यास घेतले. गलबते बाहेर नेता येणार नाहीत हे पाहून डेनांनी ती तेथेच टाकली व ते पश्चिमेकडे निघून गेले. पुढील वर्षी त्यांची सेना फुटली.

इ. स. ८९९ च्या ऑक्टोबरात आल्फ्रेड मरण पावला. विंचेस्टर येथे त्याचे दफन झाले. त्याचा मुलगा एडवर्ड व मुलगी एथेलफ्लेड यांनी तशीच ठाणी बांधीत राज्याची सीमा उत्तरेकडे नेली.