दूरनियंत्रित नौकेचे जनक निकोला टेस्ला

तलावाच्या काठावर उभे राहून हातातील लहानशा पेटीच्या साहाय्याने विजेवर चालणारी छोटी नौका पळवण्याचा छंद आज जगभर जोपासला जातो. यातील शर्यतीच्या नौका ताशी शंभर किलोमीटरचा वेगही ओलांडतात. या छंदाचा उगम शोधू गेल्यास आपण १८९८ सालच्या न्यूयॉर्क शहरात जाऊन पोहोचतो. तेथील मॅडिसन स्क्वेअर गार्डन या सभागृहात पाण्याने भरलेल्या हौदात सुमारे चार फूट लांबीची लोखंडी नौका निकोला टेस्ला यांनी कोणत्याही तारेविना चालवून दाखवली. ती पाहणाऱ्यांपैकी बहुतेकांना हा हातचलाखीचा प्रयोग वाटला होता.

टेस्ला यांचा जन्म १० जुलै १८५६ रोजी स्मिल्यान या खेड्यात झाला. हे गाव त्या वेळी ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होते, आज ते क्रोएशियात आहे. कुटुंब सर्बियन वंशाचे होते. वडील मिलुतिन हे धर्मगुरू होते. आईला लिहितावाचता येत नसे. परंतु घरातील उपयोगाची लहानमोठी अवजारे ती स्वतः तयार करीत असे आणि आपल्या अंगची कल्पकता तिच्याकडूनच आली, असे टेस्ला पुढे आवर्जून सांगत.

१८७५ मध्ये त्यांनी ग्राझ येथील तंत्रशिक्षण संस्थेत प्रवेश घेतला. तेथे प्राध्यापक पेश्ल यांनी वर्गात ग्राम बनावटीचे विद्युतयंत्र मोटार म्हणून चालवून दाखवले, तेव्हा त्याच्या ब्रशांतून ठिणग्या उडत होत्या. फिरत्या भागाला प्रवाह पोहोचवण्यासाठी आणि त्याची दिशा सतत बदलत ठेवण्यासाठी ब्रश व कॉम्युटेटर यांची जी जोडी वापरली जाते, ती काढूनच टाकता येईल, असे या विद्यार्थ्याने सुचवले. प्राध्यापकांनी ही सूचना अशक्य कोटीतील ठरवली. पुढे १८८२ साली बुडापेस्टमधील एका उद्यानात मित्रासोबत फिरत असताना टेस्ला यांना उत्तर सापडले. वेगवेगळ्या कलांचे प्रत्यावर्ती प्रवाह स्थिर गुंडाळ्यांत सोडले तर त्यांच्यामधील चुंबकीय क्षेत्रच गोल फिरू लागते आणि त्यामागे मोटारीचा दंडही फिरतो. मग ब्रश लागत नाहीत आणि ठिणग्याही उडत नाहीत.

१८८४ मध्ये ते अमेरिकेत आले. एडिसन यांच्या कारखान्यात त्यांनी काही महिने नोकरी केली, नंतर काही काळ खड्डे खणण्याची मजुरीही केली. १८८८ साली त्यांच्या मोटारीला पेटंट मिळाले आणि उद्योगपती जॉर्ज वेस्टिंगहाऊस यांनी ते हक्क घेतले. नायगारा धबधब्यावर तयार झालेली वीज १८९६ मध्ये बफेलो शहरात पोहोचली, ती याच पद्धतीने. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये त्यांची स्वामी विवेकानंद यांच्याशी भेट झाली होती आणि प्राण व आकाश या भारतीय कल्पनांविषयी टेस्ला यांना विशेष कुतूहल वाटले होते.

१३ मार्च १८९५ रोजी लागलेल्या आगीत त्यांची प्रयोगशाळा जळून खाक झाली होती. तरीही ईस्ट ह्यूस्टन मार्गावरील नव्या जागेत काम पुन्हा उभे राहिले. बिनतारी लहरींवर त्या दशकात अनेक देशांत प्रयोग सुरू होते. कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी अदृश्य लहरींनी दूरवरची घंटा वाजवून दाखवली होती, तर मार्कोनी यांचे लक्ष संदेश पाठवण्यावर होते. टेस्ला यांचा विचार मात्र वेगळ्या दिशेने गेला. लहरींनी संदेश वाहून नेता येतो, तर त्याच लहरींनी यंत्राला आज्ञा का देता येऊ नये, हा त्यांचा प्रश्न होता.

या प्रश्नाचे उत्तर म्हणजे ती नौका. तिच्या पोटात बॅटऱ्या, पंखा फिरवणारी एक मोटार आणि सुकाणू वळवणारी दुसरी मोटार होती. वर लहरी टिपण्यासाठी उभी दांडी होती. खरी अडचण होती ती लहर ओळखणाऱ्या भागाची. आजच्यासारखे इलेक्ट्रॉनिक भाग तेव्हा अस्तित्वातच नव्हते. टेस्ला यांनी धातूच्या ऑक्साइडची भुकटी भरलेली एक छोटी नळी वापरली. एरवी ही भुकटी विजेला अडवते. लहर येताच तिचे कण एकमेकांना चिकटल्यासारखे होतात आणि प्रवाह वाहू लागतो. मात्र एकदा चिकटलेले कण आपोआप सुटत नाहीत. म्हणून प्रत्येक इशाऱ्यानंतर ही नळी उलटी करणारी यंत्रणा त्यांनी बसवली, जेणेकरून भुकटी मोकळी होऊन पुढच्या इशाऱ्यासाठी सज्ज राहील. नौकेचा सारा भरवसा या चिमूटभर भुकटीवर होता.

नळीतून जाणारा क्षीण प्रवाह मोटार चालवण्यास पुरेसा नव्हता. तो केवळ एका रिलेला जागा करी. रिले एक दातेरी चाक एक घर पुढे सरकवी आणि त्या चाकाला जोडलेले संपर्कबिंदू सुकाणूची मोटार चालू किंवा बंद करीत. एका इशाऱ्याला सुकाणू एका बाजूस वळू लागे, पुढच्या इशाऱ्याला थांबे, त्यानंतरच्या इशाऱ्याला उलट बाजूस वळे. हव्या त्या आज्ञेसाठी चालकाला मधली घरे ओलांडावी लागत आणि आपण कोणत्या घरावर आहोत, हेही ध्यानात ठेवावे लागे. १९५० च्या दशकातील छंदप्रेमी आपल्या नौकांत रबरी पट्टीच्या पिळावर चालणारी जी यंत्रणा बसवत, तिचे तत्त्वही हेच होते.

ब्रशांच्या ठिणग्यांना कंटाळून ज्याने नवी मोटार शोधली, त्याला स्वतःच्या नौकेत मात्र बॅटरीवर चालणारी, कॉम्युटेटर असलेली मोटारच बसवावी लागली. बॅटरीतून मिळणारा प्रवाह एकाच दिशेचा असतो आणि त्याचे झटपट तीन कलांत रूपांतर करणारे साधन त्या काळी नव्हते. अशा मोटारींच्या ठिणग्यांमुळे बिनतारी इशाऱ्यांत व्यत्यय येतो, म्हणून नौका बांधणारे त्यांच्या टोकांवर छोटे कपॅसिटर डाखतात. आजच्या वेगवान नौकांतील ब्रशविरहित मोटारीला तीन तारा जोडलेल्या असतात. वेग नियंत्रित करणारे इलेक्ट्रॉनिक मंडल बॅटरीच्या प्रवाहाचे तीन कलांत रूपांतर करते आणि मोटारीत चुंबकीय क्षेत्र फिरू लागते. बुडापेस्टच्या उद्यानातील कल्पना आणि मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील कल्पना अशा रीतीने एकाच नौकेत नांदत आहेत. हा योग टेस्ला यांच्या हयातीत जुळून आला नाही.

प्रेक्षकांना यातले काहीच ठाऊक नव्हते. टेस्ला यांना प्रदर्शनाची हौस होतीच. नौकेला प्रश्न विचारा, असे ते उपस्थितांना सांगत. कोणी चौसष्टचे घनमूळ विचारले, तर नौकेवरील दिवे चार वेळा लुकलुकत. अर्थात उत्तर देणारे टेस्ला स्वतःच असत. यामागे मनोविद्या असावी, असे काहींना वाटले. काहींनी तर नौकेत शिकवलेले माकड दडवले असल्याचा तर्क केला. या खेळकरपणामुळे शोधाचे गांभीर्य झाकोळले गेले, असे मानण्यास जागा आहे.

८ नोव्हेंबर १८९८ रोजी या शोधाला अमेरिकेचे पेटंट मिळाले. आपला दावा इतका अविश्वसनीय वाटला की पेटंट कार्यालयाच्या मुख्य परीक्षकाला न्यूयॉर्कला येऊन प्रयोग प्रत्यक्ष पाहावा लागला, असे टेस्ला यांनी नंतर नमूद केले आहे. पेटंटमध्ये त्यांनी या नौकेचे उपयोग सांगितले आहेत. दुर्गम भागांत पत्रे व सामान पोहोचवणे, शास्त्रीय संशोधन, इतकेच काय, देवमाशांची शिकारही त्यात आहे. परंतु सर्वांत मोठा उपयोग युद्धात होईल, असे त्यांचे मत होते. ज्या शस्त्रापुढे कोणाचाही निभाव लागणार नाही, ते सर्वांच्या हाती आले की राष्ट्रे युद्धाचा विचारच सोडून देतील, अशी त्यांची धारणा होती. पुढील शतकाने ही धारणा खरी ठरवली नाही.

त्या वर्षी अमेरिका आणि स्पेन यांच्यात युद्ध पेटले होते. तरीही आरमाराने या नौकेत रस घेतला नाही. वॉशिंग्टनमधील एका अधिकाऱ्याला तर आपली कल्पना ऐकून हसू आवरले नाही, अशी आठवण टेस्ला यांनी नोंदवली आहे. त्यांनी मात्र सुधारणा चालूच ठेवल्या. एकाच लहरीवर अवलंबून असलेले यंत्र शत्रूही हाकू शकतो, हे ओळखून त्यांनी दोन वेगवेगळ्या लहरी एकाच वेळी आल्या तरच दाद देणारी योजना आखली. तिची पेटंटे १९०३ मध्ये मिळाली. अशा यंत्रांना त्यांनी टेलॉटोमॅटन हे नाव दिले होते; आपण मराठीत ज्याला सरसकट रिमोट म्हणतो, त्याहून त्या शब्दाचा आवाका मोठा होता. केवळ आज्ञा पाळणारे नव्हे, तर पुढे स्वतः निर्णय घेणारे यंत्रही शक्य आहे, असे त्यांनी १९०० साली सेंच्युरी मासिकातील लेखात मांडले.

त्यानंतरचा काळ उताराचा होता. बँकर जे. पी. मॉर्गन यांच्या पैशातून लाँग आयलंडवर उभारलेला वॉर्डनक्लिफचा मनोरा अपुरा राहिला आणि १९१७ मध्ये पाडण्यात आला. नौकेच्या पेटंटची सतरा वर्षांची मुदत १९१५ मध्ये संपली. पहिले महायुद्ध तेव्हा भरात होते आणि जर्मनीने स्फोटकांनी भरलेल्या, तारेने नियंत्रित केलेल्या नौका त्या युद्धात वापरल्या. अमेरिकेत जॉन हेज हॅमंड यांनी बिनतारी नौकांचे प्रयोग त्याच दशकात यशस्वी केले. पेटंटची मुदत संपल्याने टेस्ला यांना त्यापासून काही प्राप्ती होण्याचा प्रश्नच उरला नव्हता.

७ जानेवारी १९४३ रोजी न्यूयॉर्कर हॉटेलमधील ३३२७ क्रमांकाच्या खोलीत त्यांचे निधन झाले. ते अविवाहित होते आणि अखेरच्या वर्षांत कबुतरांना दाणे घालणे हा त्यांचा नित्यक्रम होता. त्यांची कागदपत्रे आणि वस्तू पुढे बेलग्रेडला नेण्यात आल्या. तेथे १९५२ साली स्थापन झालेल्या टेस्ला संग्रहालयात त्यांच्या अस्थी एका सोनेरी गोलाकार पात्रात जतन केल्या आहेत आणि त्या नौकेची प्रतिकृतीही ठेवण्यात आली आहे.