जेम्स जेमर्सन

जेम्स ली जेमर्सन (२९ जानेवारी, इ.स. १९३६ - २ ऑगस्ट, इ.स. १९८३) हे अमेरिकन बेसवादक होते. डेट्रॉईट येथील मोटाऊन या ध्वनिमुद्रण कंपनीच्या १९६० च्या दशकातील बहुतेक गाजलेल्या सोल गीतांत बेसची साथ त्यांची आहे. मात्र त्या काळात कंपनीच्या ध्वनिमुद्रिकांवर वादकांची नावे छापली जात नसत. त्यामुळे ज्यांचे वादन जगभर ऐकले गेले ते जेमर्सन श्रोत्यांना हयातीत जवळजवळ अपरिचित राहिले.

सुरुवातीचे जीवन

जेमर्सन यांचा जन्म साउथ कॅरोलिना राज्यात, चार्ल्स्टनजवळील एडिस्टो बेटावर झाला. लहानपणी जमिनीत काठी रोवून तिला रबर ताणून बांधायचे आणि त्या नादावर मुंग्यांना नाचवायचे, अशी त्यांच्या बालपणाची आठवण सांगितली जाते. इ.स. १९५४ मध्ये ते आईसोबत डेट्रॉईटला आले. तेथे नॉर्थवेस्टर्न हायस्कूलमध्ये शिकत असताना त्यांच्या हाती डबल बेस आला. लवकरच ते शहरातील क्लबांमध्ये जॅझ आणि ब्लूज वाजवू लागले. पुढील काळातील त्यांच्या वादनाचा पाया या जॅझमध्येच आहे.

मोटाऊनमधील कारकीर्द

बेरी गॉर्डी यांनी इ.स. १९५९ मध्ये मोटाऊनची स्थापना केली आणि त्याच वर्षी जेमर्सन तेथे वाजवू लागले. वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरील एका साध्या घरात कंपनीचा स्टुडिओ होता. छतावरून लोंबणाऱ्या तारांमुळे वादक त्याला सापांचा खड्डा म्हणत. ड्रमवादक बेनी बेंजामिन, कीबोर्डवादक अर्ल व्हॅन डाइक, गिटारवादक रॉबर्ट व्हाइट, एडी विलिस व जो मेसिना आणि जेमर्सन हे येथील वादकवृंदाचे प्रमुख सदस्य होते. हा वृंद पुढे फंक ब्रदर्स या नावाने ओळखला गेला. गायक व गायकसमूह बदलत, वादक मात्र बहुधा तेच असत. द टेम्प्टेशन्सचे 'माय गर्ल' (१९६४), द सुप्रीम्सचे 'यू कान्ट हरी लव्ह' (१९६६), द फोर टॉप्सचे 'बर्नाडेट' (१९६७) आणि स्टीव्ही वंडर यांचे 'फॉर वन्स इन माय लाइफ' (१९६८) ही त्यांची विशेष उल्लेखनीय ध्वनिमुद्रणे होत.

वादकांना मोबदला वादनाचा मिळे. विक्रीतून येणाऱ्या उत्पन्नात त्यांचा वाटा नसे. कंपनीची मनाई असूनही ते इतरत्र वाजवत. जॉन ली हूकर यांच्या 'बूम बूम'मध्ये आणि शिकागोत ध्वनिमुद्रित झालेल्या जॅकी विल्सन यांच्या 'हायर अँड हायर'मध्ये जेमर्सन यांचे वादन आहे.

इ.स. १९७१ च्या 'व्हॉट्स गोइंग ऑन' या मार्विन गे यांच्या अल्बमवर जेमर्सन यांचे नाव गौरवाने छापले गेले. मोटाऊनच्या मोठ्या अल्बमवर वादकांना असे श्रेय प्रथमच मिळाले. तोवर जेमर्सन यांना या कंपनीत बारा वर्षे झाली होती. शीर्षकगीताच्या वेळी गे यांनी त्यांना एका क्लबमधून शोधून आणले आणि नशेमुळे बसता येईना म्हणून त्यांनी पाठीवर पडून बेस वाजवला, असे सांगितले जाते. गमतीदार म्हणून सांगितल्या जाणाऱ्या या प्रसंगात पुढील शोकांतिकेची खूणही दिसते.

वादनशैली

१९६० च्या दशकाच्या प्रारंभी जेमर्सन डबल बेसवरून इलेक्ट्रिक बेसकडे वळले. त्यांचे वाद्य १९६२ सालचे फेंडर प्रिसिजन होते. त्यावरील जाड, गुळगुळीत तारा तुटल्याशिवाय ते बदलत नसत. घोडीच्या झाकणाखालील स्पंजमुळे नाद आखूड व घुमारेदार येई. उजव्या हाताच्या केवळ तर्जनीने ते तारा छेडत. डबल बेसची ही सवय त्यांनी कधी सोडली नाही.

त्यापूर्वीच्या लोकप्रिय संगीतात बेसचे काम बहुधा मूळ स्वर व पंचम धरून ठेका राखण्याचे असे. जेमर्सन यांनी मधल्या अर्धस्वरांचा, मोकळ्या तारांचा आणि मात्रेच्या अलीकडे-पलीकडे पडणाऱ्या आघातांचा वापर करून बेसला स्वतंत्र चाल दिली. 'फॉर वन्स इन माय लाइफ'मध्ये एकच आकृती जशीच्या तशी क्वचितच परतते, तरीही गायकाच्या वाटेत ती कोठेही येत नाही. पॉल मॅककार्टनी यांनी त्यांचा प्रभाव मान्य केला आहे.

अखेरची वर्षे

इ.स. १९७२ मध्ये मोटाऊनने आपला कारभार लॉस एंजेलसला हलवला. डेट्रॉईटच्या अनेक वादकांना हे आगाऊ कळवलेही गेले नव्हते. जेमर्सन कंपनीच्या मागोमाग तेथे गेले, परंतु १९७३ मध्ये त्यांचा मोटाऊनशी संबंध संपला. द सिल्व्हर्सच्या 'बूगी फीवर'सारखे यश नंतरही लाभले. पण नव्या निर्मात्यांना झगझगीत, करकरीत नाद हवा होता आणि जेमर्सन यांना वाद्य वा तारा बदलणे मान्य नव्हते. मद्यपान वाढले, कामे कमी झाली.

मार्च १९८३ मध्ये पॅसाडीना येथे मोटाऊनच्या पंचविशीचा सोहळा चित्रित झाला. जेमर्सन यांना त्याचे निमंत्रण नव्हते. त्यांनी बाहेरून तिकीट विकत घेतले आणि सज्जात बसून तो पाहिला, असे नमूद आहे. मृत्यूच्या थोडे आधी त्यांचे १९६२ चे बेस चोरीला गेले. यकृताच्या विकाराने जर्जर झालेल्या जेमर्सन यांचे २ ऑगस्ट १९८३ रोजी लॉस एंजेलस येथे वयाच्या ४७ व्या वर्षी निधन झाले. डेट्रॉईटच्या वुडलॉन दफनभूमीत त्यांचे दफन झाले.

मरणोत्तर दखल

अॅलन स्लट्स्की यांनी इ.स. १९८९ मध्ये त्यांचे चरित्र स्वरलेखनासह प्रसिद्ध केले. त्याच नावाचा, फंक ब्रदर्सवरील माहितीपट २००२ मध्ये आला. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने २००० साली साथीदार वादकांसाठी नवा वर्ग सुरू केला. त्यातील पहिल्या पाच जणांत जेमर्सन होते. लिखित श्रेयाच्या अभावी काही गाण्यांतील बेस नेमके कोणी वाजवले यावर दीर्घकाळ वाद झाला. लॉस एंजेलसच्या एका नामवंत बेसवादिकेने त्यांपैकी काही गाण्यांवर स्वतःचा दावा सांगितला. मोटाऊनमधील सहकाऱ्यांनी आणि स्लट्स्की यांनी तो नाकारला.