जावजी दादाजी व निर्णयसागरचीं अक्षरें

नाशिक रोड येथें १९२८ सालापासून सरकारी नोटा छापल्या जातात. त्यामुळें छपाईचें काम नाशिककरांस नवें नाहीं. तथापि ज्यांनीं आपल्या बालबोध अक्षरांस सुबक छापील रूप दिलें, त्यांचीं नांवें थोड्यांसच ठाऊक असतात. अशा पुरुषांपैकीं जावजी दादाजी चौधरी हे अग्रगण्य होत.

जावजींचा जन्म १८३९ सालीं मुंबईंत एका गरीब कुटुंबांत झाला. शाळेचें शिक्षण त्यांस फारसें लाभलें नाहीं. वयाच्या दहाव्या वर्षीं ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत दरमहा दोन रुपयांवर खिळे घासण्याच्या कामास लागले. मराठी खिळ्यांचे नामांकित कारागीर टॉमस ग्रॅहॅम साहेब हे त्याच छापखान्यांत होते. सांच्यांतून निघालेल्या खिळ्याच्या कडा घासून साफ करणें हें काम कष्टाचें व कंटाळवाणें. परंतु जावजींच्या पुढील कार्याचा पाया त्यांतच घातला गेला.

बालबोध अक्षराचें सौंदर्य बोरूपासून आलें आहे. बोरूचें टोंक तिरपें कापलेलें असतें. म्हणून हात एका दिशेस वळला कीं रेघ जाड उमटते, व दुसऱ्या दिशेस वळला कीं ती केसासारखी बारीक होते. इटलींतील पार्मा शहरीं बोडोनी (१७४०–१८१३) या मुद्रकानें रोमन लिपींत जाड उभ्या व अत्यंत बारीक आडव्या रेघांचा मेळ साधून कीर्ति मिळविली. आपल्या लिपींत काना, मात्रा, वेलांट्या व जोडाक्षरें यांमुळें हें काम अधिकच अवघड होतें. प्रत्येक अक्षर पोलादी ठशावर उलटें कोरावयाचें, तो ठसा तांब्यांत ठोकून मातृका करावयाची, आणि तीवर शिशाचा रस ओतावयाचा. बारीक रेघ फार नाजूक झाली तर छापतांना तुटते. जाड झाली तर अक्षर शाईनें भरून जातें.

निरनिराळ्या छापखान्यांत अनुभव घेऊन जावजींनीं १८६४ सालीं स्वतःचा खिळ्यांचा कारखाना काढला. त्यांचे मित्र राणोजी रावजी आरू हे ठसे कोरण्यांत निष्णात होते. एकाची पारख व दुसऱ्याचा हात यांच्या योगानें त्यांचे खिळे दूरदूरच्या छापखान्यांत जाऊं लागले. १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना स्थापन झाला. त्याच्या पंचांगानें तें नांव घरोघर नेलें. विनायक कोंडदेव ओक यांचें मुलांकरितां निघालेलें 'बालबोध' मासिक १८८१ सालापासून येथूनच प्रसिद्ध होऊं लागलें. १८८६ सालीं पंडित दुर्गाप्रसाद व काशिनाथ पांडुरंग परब यांच्या संपादनाखालीं 'काव्यमाला' सुरू झाली, आणि बासनांत बांधून पडलेलीं संस्कृत काव्यें सुवाच्य रूपानें विद्यार्थ्यांच्या हातीं आलीं.

५ एप्रिल १८९२ रोजीं जावजी निवर्तले. त्यांचे पुत्र तुकाराम जावजी यांनीं तें कार्य पुढें चालविलें.

मिशनच्या छापखान्यांत शुभवर्तमान लोकांपर्यंत पोहोंचविण्यासाठीं खिळे पाडले जात. ते घासणाऱ्या एका हिंदु मुलानें तेथील विद्येच्या बळावर संस्कृत ग्रंथांचें भांडार सर्वांस खुलें केलें. देणाऱ्यानें हात आखडला नाहीं, व घेणाऱ्यानें तें स्वतःपुरतें ठेविलें नाहीं. विद्यार्थिमित्रहो, स्वच्छ छापलेलें पान वाचतांना या श्रमांची आठवण ठेवा. आणि आपल्या वांट्यास आलेलें काम कितीही लहान असो, तें नजर लावून करा.