कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी एखाद्या कीर्तिवंत पुरुषाचे चरित्र देण्याचा प्रघात आहे. यंदा आम्ही कै. लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहो. ज्ञातीच्या स्मरणिकेत कारखानदार कशाला, असे कोणी म्हणेल. चरित्र पुरते वाचल्यावर ज्याने त्याने आपले मत ठरवावे.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. संगीत नाटकाचे आद्य प्रवर्तक अण्णासाहेब किर्लोस्कर यांचेही जन्मगाव तेच. जवळच सौंदत्तीची यल्लम्मा आहे. तिलाच लोक रेणुका मानतात. म्हणून आम्हां माहूरकरांस ती भूमी परकी वाटत नाही. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे जाणकार. मुलाचे चित्त मात्र चित्रकलेत आणि यंत्रांत गुंतलेले असे. वडिलांचे मन मोडून १८८५ साली ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. खर्चाचा भार थोरले बंधू रामूअण्णा यांनी उचलला. दोन वर्षांनी असे आढळले की लक्ष्मणरावांच्या दृष्टीस काही रंगांतील भेद कळत नाही! चित्रकाराच्या नशिबी याहून मोठा आघात कोणता? पण त्यांनी रंग तेवढे सोडले, रेषा सोडली नाही. यंत्रांचे आरेखन ते शिकत राहिले आणि त्याच्या बळावर व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये साहाय्यक शिक्षक झाले. फावल्या वेळात कारखान्यांतून यंत्रे न्याहाळावीत, ती खोलून जोडावीत, हा त्यांचा छंद होता.

सायकल ही वस्तू त्या काळी आपल्याकडे नवलाईची होती. तिला कोणी पायगाडी म्हणत. लक्ष्मणरावांस तिचे विलक्षण वेड लागले. दोनच चाके असलेले हे वाहन उभे असता पडते आणि चालू लागले की तोल धरते, या गोष्टीचे कौतुक यंत्रवेड्या तरुणास न वाटते तरच नवल. पण त्यांचे वेड स्वतःच्या फेरफटक्यापुरते राहिले नाही. १८८८ साली बेळगावात बंधूंनी सायकलींचे लहानसे दुकान काढले व त्यास किर्लोस्कर ब्रदर्स असे नाव दिले. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली खरेदी करून पाठवाव्यात आणि रामूअण्णांनी त्या बेळगावात विकाव्यात, असा क्रम ठरला. एका सायकलीस सातशे ते हजार रुपये पडत, असे सांगतात. सायकल चालविण्यास शिकविण्याचे पंधरा रुपये निराळे घेत.

या पंधरा रुपयांकडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो, कारण आमच्या मते लक्ष्मणरावांच्या साऱ्या आयुष्याचे मर्म त्यात आहे. वस्तू विकून दुकानदार मोकळा होतो. हे बंधू मात्र गिऱ्हाइकाच्या मागे धावत, खोगीर धरून त्याचा तोल सावरीत. यंत्र माणसाच्या अंगवळणी पडेपर्यंत विक्री पुरी होत नाही, ही समज त्यांस सायकलीने दिली. आम्ही आयुष्यभर मास्तरकी केली. शिकविण्यास पुढ्यात फळाच असावा लागतो असे नाही, हे अशा उदाहरणांवरून पटते.

मुंबईच्या नोकरीत त्यांच्या हक्काची बढती डावलून ती एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावास आले. आपल्या घराघरांतून आजही मुलास नोकरी लागली की देवापुढे पेढे ठेवतात आणि ती सुटली की सुतक पाळतात. राधाबाईंसारख्या गृहिणीस त्या वेळी काय वाटले असेल याची कल्पना आमच्या वाचक भगिनींस सहज येईल. मासिक वेतनाची शाश्वती गेली आणि पतीच्या हाती राहिले ते हातोडा, कानस आणि कागदावरची आकृती.

बेळगावात त्यांनी प्रथम कडबा कापण्याचे यंत्र केले. कुऱ्हाडीने कडबा तोडण्यात शेतकऱ्याचा किती वेळ जातो आणि गुरे बुडखे टाकून देतात तेव्हा किती वैरण वाया जाते, हे मराठवाड्यात कोणास सांगावयास नको. त्यानंतर लोखंडी नांगर आला. येथे खरी परीक्षा झाली. लोखंडाने जमिनीस विष चढते, असा समज शेतकऱ्यांत रूढ होता. पहिले मोजके नांगर खपण्यास दोन वर्षे लागली. या समजुतीस हसण्याचा अधिकार आपणांस नाही. ज्याचे सारे वर्ष एका पेरणीवर अवलंबून असते, त्याने नव्या वस्तूकडे शंकेने पाहावे हे रास्तच आहे. शेवटी प्रचीतीनेच शंका फिटली. लाकडी नांगर वरवर ओरखडतो, तर लोखंडी फाळ खोल जाऊन जमीन उलथून टाकतो आणि हराळी-कुंद्याची मुळे उन्हात पडून वाळतात. आपल्या काळ्या रानात कुंदा माजला म्हणजे काय होते हे ज्याने पाहिले आहे, त्यास या नांगराची थोरवी वेगळी सांगावी लागत नाही.

धंदा जरा मार्गी लागतो न लागतो तोच बेळगाव नगरपालिकेच्या वाढीच्या योजनेत कारखान्याची जागा गेली. अशा वेळी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी धावून आले. त्यांनी हवी ती जागा निवडण्यास सांगितले आणि दहा हजार रुपये बिनव्याजी दिले. औंधच्या यमाईस आपण रेणुकेचेच रूप मानतो. भाविकांनी येथे हात जोडावेत! लक्ष्मणरावांनी निवडली ती कुंडल रोड स्थानकाजवळची बत्तीस एकर उजाड जमीन, फड्या निवडुंगाने व्यापलेली आणि नागांनी भरलेली. तेथे १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. अशा माळावर राधाबाईंनी संसार मांडला. कारखान्याचा इतिहास लिहिताना भट्ट्या आणि साचे मोजले जातात. निवडुंगात पेटलेली पहिली चूलही त्यात मोजली पाहिजे, असे आम्हांस वाटते.

आता ज्या गोष्टीसाठी हे चरित्र निवडले तिच्याकडे वळतो. वाडीची आखणी व कारभार रामूअण्णांनी पाहिला. साधे फिटर असलेले शंभोराव जांभेकर तेथे यंत्रविद्येचे आधारस्तंभ झाले. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर कल्पक अभियंते म्हणून नावारूपास आले. वस्तीची राखण तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग यांच्याकडे होती. या दोघांच्या पूर्वायुष्यावर गुन्ह्याचा डाग होता. ज्यांस गाव वेशीबाहेर ठेवीत होते, त्यांच्या भरवशावर लक्ष्मणरावांची बायकामुले निवडुंगाच्या माळावर निर्धास्त झोपत असत. वाडीत अस्पृश्यता पाळण्यास बंदी होती. हा नियम त्यांनी कायदा होण्याच्या कितीतरी आधी, स्वतःच्या वस्तीत केला. ज्ञातीची स्मरणिका काढणाऱ्या आपण मंडळींनी हे वाचून क्षणभर थांबावे, एवढीच विनंती.

पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले. त्या वेळी कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी किल्ल्यावरील जुन्या तोफा दिल्या आणि त्या वितळवून नांगर ओतले गेले. गडाच्या पायथ्याशी राहणाऱ्या आम्हांस ही हकिकत फार प्रिय आहे. पुढे उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याचे यंत्र, पंप अशी अवजारे वाडीतून बाहेर पडू लागली. पुतणे शंकरराव यांनी तेथूनच १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ व १९३० साली ‘स्त्री’ ही मासिके सुरू केली. ‘स्त्री’चे अंक कित्येक मराठी घरांत जिवापाड जपले जात. चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत यंत्रविद्या शिकून आले आणि त्यांनी धंद्याचा पसारा पुणे, बंगलोर, हरिहरपर्यंत नेला.

१९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीच्या कारखान्यास आग लावण्यात आली. तेव्हा लक्ष्मणराव अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. ज्या वस्तीने जात बाजूस ठेवली, तिला जातीच्याच रोषात होरपळावे लागले, याची खंत कोणाही विचारी माणसास वाटेल. कारखाना पुन्हा उभा राहिला.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी निवर्तले. त्याच वर्षी राज्यपुनर्रचनेत आपला किनवट-माहूरचा मुलूख आदिलाबाद जिल्ह्यातून निघून मराठी भागात सामील झाला. जन्मशताब्दीच्या दिवशी, २० जून १९६९ रोजी, भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले. कुंडल रोड स्थानकास आता किर्लोस्करवाडी म्हणतात, आणि बेळगावात ज्या रस्त्यावर सायकलींचे ते दुकान होते त्यास किर्लोस्कर रोड हे नाव आहे.