ह्यूम, रानपिंगळा आणि खानदेश

राष्ट्रसभेचे एक संस्थापक म्हणून ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांचे नाव शाळेच्या इतिहासात प्रत्येकाने वाचलेले असते. १८८५ चा डिसेंबर, मुंबईतील गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळा आणि बहात्तर प्रतिनिधी, एवढे पाठ झाले की परीक्षेपुरते ह्यूम संपतात. परंतु याच गृहस्थाने आयुष्यातील उमेदीची पंचवीस वर्षे हिंदुस्थानातील पाखरे गोळा करण्यात आणि त्यांची टिपणे ठेवण्यात घालवली, हे पाठ्यपुस्तक सांगत नाही. त्यांनी नाव दिलेला एक पक्षी पुढे शंभराहून अधिक वर्षे जगाच्या दृष्टीने नाहीसाच झाला होता, हेही फारसे कोणाला ठाऊक नसते. जळगाव-धुळ्याच्या वाचकाने तरी ही हकीकत जाणून घ्यावी. तिचा उत्तरार्ध सातपुड्याच्या पायथ्याशी घडला आणि तो अद्याप पुरा झालेला नाही.

ह्यूम यांचा जन्म १८२९ चा. वडील जोसेफ ह्यूम हे काही काळ कंपनी सरकारच्या चाकरीत शल्यवैद्य होते आणि पुढे विलायतेच्या पार्लमेंटात सरकारी उधळपट्टीवर कोरडे ओढणारे सुधारणावादी सभासद म्हणून गाजले. हिशेबाची चोख दृष्टी आणि वरिष्ठांपुढे न वाकणारा स्वभाव मुलाने वडिलांकडून उचलला. हेलीबरीच्या कंपनी विद्यालयात शिक्षण आणि लंडनमध्ये वैद्यकाचा काही अभ्यास करून ते १८४९ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, बंगालच्या मुलकी सेवेत दाखल झाले. काही वर्षांतच उत्तर हिंदुस्थानातील इटावा जिल्ह्याची सूत्रे त्यांच्याकडे आली.

इटाव्यात त्यांनी सर्वप्रथम शाळा काढल्या. १८५७ पर्यंत त्यांच्या प्रयत्नाने उघडलेल्या शाळांची संख्या १८१ आणि विद्यार्थ्यांची ५,१८६ होती. त्यांत मुली अवघ्या दोन होत्या. दारूच्या उत्पन्नावर सरकारने पोसावे हे त्यांना मंजूर नव्हते आणि तसे त्यांनी वरिष्ठांना बजावले. १८५७ चा उठाव झाला तेव्हा त्यांना इटावा सोडून आग्र्याला आश्रय घ्यावा लागला. त्या उठावाशी ते इंग्रज अधिकारी म्हणूनच लढले आणि त्याबद्दल सरकारी सन्मानही मिळाला. तथापि सूडाने पेटलेल्या त्या काळात त्यांचा हात इतरांच्या मानाने सौम्य राहिला. या धामधुमीत त्यांचे एक व्यक्तिगत नुकसानही झाले. तोवर जमवलेला पक्ष्यांचा संग्रह नष्ट झाला, आणि त्यांनी तो पुन्हा पहिल्यापासून उभा करायला घेतला.

मिठाचे कुंपण आणि पाखरांचे कार्यालय

१८६७ मध्ये ह्यूम जकात खात्याचे आयुक्त झाले. मिठावरील कर चुकू नये म्हणून सरकारने देशाच्या पोटातून एक जकात-रेषा आखली होती. बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग अशा काटेरी झाडांचे कुंपण तिच्यावर मैलोगणती वाढवलेले होते. ही रेषा सिंधूच्या काठावरून निघून खानदेशाच्या शेजारी बऱ्हाणपुरापर्यंत येत असे. गरिबाच्या चिमूटभर मिठावर पहारा ठेवणारे हे कुंपण नेटाने वाढवण्याचे काम ह्यूम यांनीच केले, हे त्यांच्या चरित्रात झाकून ठेवता येत नाही. राजपुतान्यातील सांभर सरोवर सरकारच्या ताब्यात आणण्याच्या वाटाघाटीही त्यांच्याच. त्यामुळे पुढे कुंपणाची गरज कमी झाली आणि १८७९ मध्ये ते मोडीत निघाले.

या नोकरीतील फिरतीने पक्षिशास्त्राचा मात्र मोठाच लाभ झाला. ह्यूम जेथे जात तेथील पक्ष्यांची नोंद होई, आणि ते स्वतः जेथे जाऊ शकत नसत तेथे कोणी तरी त्यांचा माणूस असे. लष्करी अधिकारी, अभियंते, जंगल खात्यातील नोकर आणि आडजागी पडलेले मुलकी अंमलदार यांना त्यांनी पत्रे लिहून कामाला लावले. पक्षी कोठे दिसला, कोणत्या महिन्यात दिसला, घरटे कोणत्या झाडावर, किती उंचीवर, अंडी किती, हे सारे तारीखवार लिहून पाठवावयाचे असा दंडक होता. या नोंदी छापण्यासाठी १८७२ मध्ये त्यांनी ‘स्ट्रे फेदर्स’ हे नियतकालिक सुरू केले आणि ते १८८८ पर्यंत चालले. हिंदी पक्ष्यांच्या घरट्यांवर व अंड्यांवर त्यांचा ग्रंथ १८७३ ते १८७५ या काळात प्रसिद्ध झाला. सिमल्यातील जाको टेकडीवरील रॉथनी कॅसल या त्यांच्या निवासस्थानी पक्ष्यांच्या भरलेल्या कातड्यांचे जणू एक स्वतंत्र संग्रहालयच उभे राहिले.

त्या काळी पक्षी पाहणे याचा अर्थ तो मारणे असाच होता. बंदुकीने टिपावयाचा, कातडी सोलून भरावयाची आणि पायाला चिठ्ठी बांधावयाची. चिठ्ठीवर साहेबाचे नाव असे. ज्या देशी शिकाऱ्याने तो पक्षी दाखवला आणि ज्या कारागिराने रात्र जागून कातडी भरली, त्यांची नावे तिच्यावर क्वचितच आढळतात. ह्यूम यांच्या थोर संग्रहाची ही दुसरी बाजूही स्मरणात ठेवली पाहिजे.

सात कातडी

डिसेंबर १८७२ मध्ये एफ. आर. ब्लुइट यांनी आजच्या छत्तीसगडातील बसना-फुलझर भागात एक लहानसे घुबड मारले आणि ते ह्यूम यांच्याकडे आले. दिसायला ते नेहमीच्या पिंगळ्यासारखेच होते. परंतु ह्यूम यांच्या सरावलेल्या नजरेने भेद ओळखला. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात. याचे डोके जवळजवळ ठिपक्यांवाचून, कवटी व चोच मोठी, पायांवर भरगच्च पिसे आणि शेपटीवर ठळक पांढरे पट्टे. १८७३ मध्ये ह्यूम यांनी त्याला ब्लुइट यांचे नाव देऊन नवी जात म्हणून जाहीर केले. मराठीत तो रानपिंगळा किंवा वनपिंगळा म्हणून ओळखला जातो.

यानंतर खानदेशाचा प्रवेश होतो. जेम्स डेव्हिडसन हे मुलकी अधिकारी १८८० नंतरची काही वर्षे या जिल्ह्यात होते. पश्चिम खानदेशातील पक्ष्यांची त्यांनी तयार केलेली यादी ह्यूम यांच्याच नियतकालिकात प्रसिद्ध झाली. सातपुड्याच्या पायथ्याच्या सागवानी रानात त्यांना हा रानपिंगळा एकाहून अधिक वेळा मिळाला. जगभरच्या संग्रहालयांतून या पक्ष्याची अवघी सात कातडी जमली, त्यांतील बहुतेक खानदेशची. १८८४ नंतर मात्र तो कोणाच्याच दृष्टीस पडला नाही.

त्याच सुमारास ह्यूम यांच्या स्वतःच्या आयुष्यालाही वळण लागले. सरकारी शेती खात्याचे सचिव म्हणून १८७१ पासून त्यांनी शेतकऱ्याच्या कर्जाचा आणि जमिनीच्या कसाचा प्रश्न सतत मांडला. सरकारला ते नकोसे झाले. १८७९ मध्ये त्यांना सचिवपदावरून दूर करण्यात आले आणि ते खातेही मोडण्यात आले. १८८२ मध्ये ते निवृत्त झाले. मध्यंतरी थिऑसॉफीच्या विचाराने त्यांना आकर्षून घेतले होते. ते शाकाहारी बनले आणि जीवहत्येचा त्यांना वीट आला. हजारो पक्षी ज्याच्या शब्दावर मारले गेले, त्याच्याच मनात हा पालट व्हावा, ही गोष्ट साधी नव्हे.

एवढ्यात मोठा घाला पडला. १८८४-८५ च्या हिवाळ्यात ह्यूम सिमल्याबाहेर असताना घरातील एका नोकराने त्यांची हस्तलिखिते रद्दी म्हणून बाजारात विकली. हिंदुस्थानच्या समग्र पक्षिजीवनावरील नियोजित महाग्रंथासाठी पंचवीस वर्षे जमवलेली टिपणे वाण्याच्या पुड्या बांधण्यात गेली. ह्यूम यांनी तो ग्रंथ पुन्हा हाती धरला नाही. १८८५ मध्ये सुमारे ८२,००० नमुन्यांचा आपला संग्रह त्यांनी लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. उरल्यासुरल्या टिपणांवरून ओट्स यांनी घरट्यांच्या ग्रंथाची दुसरी आवृत्ती १८८९-९० मध्ये काढली, तेवढाच काय तो अवशेष.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात राष्ट्रसभेचे पहिले अधिवेशन भरले. ते मूळचे पुण्याला व्हावयाचे होते. पटकीच्या साथीमुळे मुंबईला हलवावे लागले. रद्दीत गेलेल्या कागदांमुळे राष्ट्रसभा जन्माला आली असे म्हणणे अर्थातच धाडसाचे ठरेल. कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीधरांना देशकार्यासाठी साद घालणारे पत्र ह्यूम यांनी १८८३ मध्येच लिहिले होते. परंतु कामाची पद्धत दोन्हीकडे तीच दिसते. गावोगावच्या विखुरलेल्या माणसांशी पत्रव्यवहार ठेवावयाचा, त्यांच्याकडून माहिती मागवावयाची आणि ती एका जागी आणून तिला वजन प्राप्त करून द्यावयाचे. पाखरांसाठी जे त्यांनी केले तेच पुढे माणसांसाठी केले. १८९४ मध्ये ते विलायतेस परतले. उतारवयात वनस्पतींच्या अभ्यासाला वाहून घेऊन त्यांनी दक्षिण लंडनमध्ये १९१० साली एक वनस्पती-संस्था स्थापन केली. १९१२ च्या जुलैअखेर त्यांचे निधन झाले.

खोटी चिठ्ठी आणि खरा पक्षी

रानपिंगळ्याचे पुढे काय झाले? कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन या नामवंत इंग्रज अधिकाऱ्याने १९१४ मध्ये गुजरातेतील मांडवी येथे आपण हा पक्षी मारल्याचे सांगितले, आणि शास्त्रज्ञांनी त्यावर विश्वास ठेवला. सालिम अली आणि डिलन रिप्ले यांनी या पक्ष्याचा माग काढण्याचा प्रयत्न केला. पण तो हाती लागला नाही. अखेर पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयांतील कातडी बारकाईने तपासली तेव्हा निष्पन्न झाले की कर्नलसाहेबांचा नमुना डेव्हिडसन यांचाच, ब्रिटिश म्युझियममधून चोरलेला आणि खोटी चिठ्ठी लावलेला होता. एका असत्य नोंदीने कित्येक वर्षे अभ्यासकांची दिशाभूल केली होती.

ती खोटी नोंद बाजूला सारून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे जुन्या खऱ्या नोंदींच्या वाटेने निघाले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी, तेव्हा धुळे जिल्ह्यात असलेल्या शहाद्याजवळच्या रानात, एका झाडावर भर दिवसा बसलेला रानपिंगळा त्यांना दिसला. ११३ वर्षांनी झालेल्या या दर्शनाची ग्वाही बंदुकीने दिली नाही, कॅमेऱ्याने दिली. पक्ष्याचे चित्रण झाले आणि तो जिवंत राहिला. पुढील वर्षी नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्यानंतर तोरणमाळच्या जंगलात या पक्ष्याचा पद्धतशीर अभ्यास झाला. मेळघाटात, जळगाव जिल्ह्यातील यावल अभयारण्यात आणि २०१४ मध्ये ठाणे जिल्ह्यातील तानसा परिसरातही त्याच्या नोंदी झाल्या.

विशेष हे की हा पक्षी मुळी रात्रीचा लपून राहणारा नव्हे. तो दिवसाढवळ्या शेंड्यावर बसून सरडे व उंदीर टिपतो. तो दिसला नाही याचे कारण त्याचे दडणे हे नव्हते; योग्य जागी, योग्य ओळख मनात ठेवून कोणी पाहिले नाही, हे होते. आज त्याची संख्या थोडी आहे आणि सागाची मोकळी रानेही तोड, आग आणि अतिक्रमण यांमुळे आक्रसत आहेत. घुबडाला अशुभ मानण्याची आपल्याकडील समजूत त्यात भर घालते. पहाटे दारी येऊन शुभ भविष्य सांगणाऱ्या पिंगळ्याला सूपभर धान्य घालणाऱ्या समाजाने, ज्या पाखरावरून त्याला नाव पडले त्याच्यावर मात्र दगड उचलावा, हा न्याय विचित्रच म्हटला पाहिजे.

या साऱ्या हकीकतीतून शिक्षकाने, कारकुनाने आणि विद्यार्थ्याने घ्यावयाचा बोध अवघड नाही. डेव्हिडसन यांनी कचेरीचे काम सांभाळून केलेल्या नोंदी शंभराहून अधिक वर्षांनी उपयोगी पडल्या. कर्नलाची प्रतिष्ठित लबाडी मात्र शेवटी उघडी पडली. जळगावच्या मेहरूण तलावावर, धुळ्याच्या नकाणे तलावावर किंवा भुसावळजवळच्या हतनूरच्या जलाशयावर हिवाळ्यात उतरणाऱ्या पाखरांची नोंद कोणालाही ठेवता येईल. त्याला साहेबाची सत्ता लागत नाही, बंदूक तर नाहीच नाही. हातात कॅमेरा असला तर उत्तमच. परंतु चित्राखाली स्थळ, तारीख आणि वेळ खरी लिहिलेली नसेल तर ते चित्र भिंतीची शोभा होईल, पुरावा होणार नाही. घरट्याजवळ जाऊन पिलांना त्रास देऊन काढलेले चित्र तर जुन्या बंदुकीचेच नवे रूप होय. आणि वर्षानुवर्षांची वही एकाच घरात कुलूपबंद ठेवली तर तिचीही सिमल्याच्या बाजारातील रद्दी व्हायला वेळ लागत नाही; तिच्या नकला शाळेत आणि ग्रंथालयात पोचल्या पाहिजेत.

१९३६ च्या डिसेंबरात राष्ट्रसभेचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन फैजपूरला झाले. फैजपूर यावल तालुक्यात आहे, आणि रानपिंगळ्याची नोंद झालेले अभयारण्यही त्याच तालुक्यात. ह्यूम यांनी लावलेल्या दोन रोपांच्या फांद्या अशा एका तालुक्यात येऊन पोचल्या. त्यांतील एकीचे स्मरण फैजपुरात अभिमानाने होते. दुसरी राखण्यासाठी तालुक्याच्या उत्तरेकडील सागाचे रान उभे राहिले पाहिजे.